देव्हाऱ्यातला रुपया

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १७८६

कापसाच्या भावाने या गावंढळांची डोकी फिरली आहेत. बैलांच्या शिंगांना चांदी चढवतील, पण रुपया पारखायचा तर दातांनी चावतील. मूर्ख!

आज एका कुणब्याची बायको माझ्या सराफी पेढीवर आली. आटवून देवाचा चांदीचा टाक घडवायला तिने देव्हाऱ्यातला रुपया आणला होता, कुंकवाने माखलेला. मी तो दगडावर टाकला, तर खणखणायचं सोडून बद्द वाजला. मी हसलो. म्हटलं, "इतकी वर्षं खोटा रुपया पुजलास? वाजवून तरी पाहायचा!"

ती म्हणाली, "देवाले कोनी वाजवून पायते का जी?"

पेढीवरचे सगळे हसले. मी जरा जास्तच. मग आठवलं, आमच्या देव्हाऱ्यातला रुपया मी तरी कधी वाजवला? मी, पारखी म्हणवणारा!

घरी येताच त्याचं कुंकू पुसलं आणि पायरीच्या दगडावर टाकला. बद्द. पुन्हा टाकला. बद्दच.

तो वडिलांनी ठेवलेला. त्यांची पारख माझ्याहून चोख, नुसत्या बोटांनी खोटा रुपया ओळखायचे. म्हणजे ते फसले नव्हते. बाजारात खपेना, म्हणून देवाला दिला.

त्या बाईने निदान खरा समजून पुजला होता.