मंगळवारची खुर्ची

जावईबापू,

रुग्णांचेही ऐकावे म्हणून तुम्ही मला इस्पितळ सुधार समितीवर घेतलेत. पण बैठक दर मंगळवारी, आणि मंगळवारी मी डायलिसिसवर. तुम्हाला हे ठाऊक नाही असे कसे म्हणू? तुमचीच बायको मला इथे सोडून जाते.

आज हा विभाग शहराबाहेर हलवण्याचा ठराव होता. एका हातात सुया आहेत, दुसऱ्याने लिहितो आहे. सिस्टर म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्या बाजूने बोलणार होतात ना?"

"तिथे माझी खुर्ची आहे. ती बोलेल."

"मग तिला म्हणावं, दोन बस बदलून तिथवर कोण जिवंत पोचणार, तेवढं विचार."

आत्ताच मुलीचा फोन आला. ठराव मंजूर. रुग्ण प्रतिनिधीची हरकत आली नाही, अशी नोंदही झाली. "त्यांना काही बोलू नका, बाबा. मला त्या घरात राहायचंय," म्हणाली.

तेव्हा हे पत्र खिशातच राहील. रविवारी तुम्ही जेवायला याल, तब्येत काय म्हणते विचाराल. मी "उत्तम" म्हणेन. तीही संमतीच धरा.

आपला गैरहजर सभासद,
सासरा