मान, नाक, डोळे

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक संगणक, एक कुंडी आणि मी, असा सगळा लवाजमा तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालाने दोनदा विचारलं, की बाई, बॅगेत दगड भरलेत का. दगड नाहीत, चित्रांच्या जुन्या वह्या आहेत, असं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्याला दगड परवडले असते.

खोली छान आहे. खिडकीतून शिंप्याचं दुकान, बस थांबा आणि एक वाकडं झाड दिसतं. दार मात्र जुनं, खाली बोटभर फट. गोंड्या असता तर पहिल्या दिवशीच त्या फटीला नाक लावून बसला असता.

गोंड्या म्हणजे माझा कुत्रा. अकरा वर्षं होता, नोव्हेंबरात गेला. शेपटीला गोंडा म्हणून गोंड्या. बाहेरून आला की दारावर पंजा मारायचा, दोनदा पटपट आणि जरा थांबून एकदा. मग फटीतून फुस्स करून श्वास सोडायचा, म्हणजे मी आलोय, ऐकू येत नाही का? दार उघडलं तरी स्वारी उंबरठ्यावर बसून राहायची. एक हाक मारावी लागायची आणि ती ‘गोंड्या’ अशी नाही. ते नाव वेगळं, आम्हा दोघांतलं, तो पिल्लू असताना पडलेलं. इतकं खुळचट की ताईलाही कधी सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही, उद्या कोणी वही उघडली तर हसून लोळेल. ते नाव कानावर पडलं की मगच साहेब आत यायचे.

ताईने फोनवर बजावलंय, की नवी नोकरी, नवं गाव, आता तरी डोळे पूस. पुसते बाई.

४ फेब्रुवारी, मंगळवार

स्टुडिओ शिंप्याच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, तीन टेबलं आणि कॅनव्हासवर छापायचं एक भलंमोठं यंत्र. लोक आपल्या कुत्र्यामांजरांचे फोटो पाठवतात, आम्ही त्यांची संगणकावर चित्रं करतो. मला वाटलं होतं हौसेचं काम असेल. फोटोंखालचे निरोप वाचले तर बहुतेक जनावरं गेलेली.

बाई, म्हणजे मालकीण, साठीच्या आहेत. चष्मा दोरीने गळ्यात आणि बोलणं मोजून मापून. त्यांनी सकाळभर ब्रश शिकवले. संगणकावरचा ब्रश खरं तर ठसा असतो. फोटोतला केसांचा एक तुकडा कापून घ्यायचा, त्याचा ठसा करायचा, मग पेन फिरेल तिथे तोच तुकडा हजार वेळा उमटतो. विकतचे ब्रश वापरले तर कुत्रा केरसुणीचा केल्यासारखा दिसतो. म्हणून इथला रिवाज असा, की प्रत्येकीने ब्रश स्वतःच्या जनावराच्या फोटोतून करायचा आणि तोही मूळ फोटोतून. कॉपीतून केलेला मरगळलेला येतो म्हणे. का, ते विचारलं तर म्हणाल्या, मलाही माहीत नाही, करून बघ.

मी जिन्यातला फोटो उघडला. मी पायरीवर बसून तोंड फाटेस्तोवर हसतेय, गोंड्या मांडीवर आडवा, माझी बोटं त्याच्या मानेत रुतलेली. मानेचा तुकडा घेतला. ब्रशचं नाव ठेवलं ‘मान’.

खाली जिन्याच्या तोंडाशी एका नारिंगी मांजराचं चित्र लावलंय. राखाडी शालीतली एक बाई दुपारी त्याच्यासमोर उभी होती. कोणाचं मांजर, असं तिने मला विचारलं. मी नवीन आहे म्हटलं. छान आहे हो, म्हणाली आणि उभीच राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवड्यात चार कुत्रे केले, चारही ‘मान’ने. काय उतरतात! काल एक बसचालक चित्र न्यायला आला. दारातून वाकून यावं लागेल एवढा आडदांड माणूस. चित्र मांडीवर घेतलं, रंगवलेल्या पाठीवरून हात फिरवला आणि ओक्साबोक्शी रडला. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. नोव्हेंबरपासून मी कोणाच्याच उपयोगी पडले नव्हते, काल पडले.

आणि आज चार वाजता एक गंमत झाली. दारावर खरवड. दोनदा पटपट, थांबून एकदा. मग फुस्स. उघडलं तर पॅसेज रिकामा. कान वाजतात तुझे, असं स्वतःला म्हटलं आणि म्हणता म्हणता, हसत हसत, ती हाक मारली. तशी उंबरठा ओलांडून काहीतरी आत आलं आणि माझ्या पावलावर ऊबदार वजन टेकलं. तो असाच रेलायचा. पायाला मुंग्या येईपर्यंत मी हलले नाही. भीती वाटली का? अजिबात नाही. मी आनंदाने रडत होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कामाचा ढीग. ओलं नाक विकतच्या ब्रशने चिकणमातीचं दिसतं, म्हणून जिन्यातल्या त्याच फोटोतून नवा ब्रश केला, ‘नाक’. दिवसभरात सहा कुत्रे, दोन मांजरं. बाई म्हणाल्या, इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. शालवाली आजही आली होती. कोणाचं मांजर, तोच प्रश्न.

१६ फेब्रुवारी, रविवार

नीट लिहायला हवं.

चार वाजता खरवड झाली. मी धावले. तेवढ्यात फटीतून कोणीतरी जोरात श्वास सोडला आणि मी किंचाळून मागे सरले. हा कसला आवाज? तो असं कधी करायचा नाही. नंतर या वहीचं पहिलं पान वाचलं. फुस्स. माझ्याच अक्षरात.

दार उघडून हाक मारली. आला. पावलावर टेकला. पण मी पाय आखडून घेतला आणि त्याला ते कळलं असणार, कारण लगेच उठला.

मग फोटो उघडला. त्याच्या मानेच्या जागी गुळगुळीत राखाडी रंग. नाकाच्या जागीही तसाच. माझी बोटं त्या राखाडीत रुतलेली. बाकीचे फोटो बघितले, सगळे तसेच. डोळे मिटून आठवायला बसले. अकरा वर्षं मी त्या मानेत हात घालून झोपले. मऊ होती की राठ? काहीच सांगता येत नाही. नुसतं ‘मान होती’ एवढं माहीत आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा पुसून गळ्यात सोडला. मग म्हणाल्या, की त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर एक वाडगा आहे, त्यात त्या रोज पाणी भरतात. मागचं दार रोज हातभर उघडं ठेवतात. कोणासाठी ते त्यांना ठाऊक नाही. कुत्रं होतं की मांजर, तेही नाही. इथला पहिला ब्रश त्यांचा. त्यांना वाटायचं, वय झालं, विसरतो माणूस. शालवाली माझ्या आधी माझ्याच टेबलावर होती. नारिंगी मांजर तिचं. तिने डोळ्यांचा ब्रश केला आणि महिन्याने स्वतःचंच चित्र बघून विचारलं, कोणाचं मांजर. तेव्हा बाईंना संशय आला.

मी भडकले. संशय होता तर मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, सांगणार होते, पण तो बसचालक रडला आणि जीभ रेटली नाही. एवढा जिवंतपणा कुठून तरी यायलाच हवा ना, असंही म्हणाल्या. बाई माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणूनच जास्त राग आला.

ठरवलं. ‘मान’ आणि ‘नाक’ बंद. यापुढे केरसुणीचे कुत्रे. डोळे अजून आहेत माझ्याकडे, नाव आहे, पावलावरचं वजन आहे. एवढं पुरे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा येतात. आजी इस्पितळात आहेत, डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. त्यांची कुत्री गेल्या वर्षी गेली. एकच फोटो आणि त्यात फ्लॅशने डोळे खाल्लेले, दोन पांढरे ठिपके. आजी रोज फोटो हातात घेतात आणि विचारतात, ही बघतेय कुठे?

विकतच्या ब्रशने डोळे केले. शर्टाची बटणं. आजोबांनी चित्र दूर धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. छान झालंय पोरी, म्हणाले आणि चष्म्याआडून खाली बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन रात्री विचार केला. आजींना एकदाच बघायचंय. मला बघायला आयुष्य पडलंय आणि हाताशी वही आहे. सगळं लिहून ठेवते, मग भीती कसली?

गोंड्याचे डोळे मधासारखे तपकिरी. डाव्यात एक काळा ठिपका. मी बूट घालायला बसले की आधी बुटांकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग परत बुटांकडे. रागावले तर डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे तो मला दिसत नाही असं त्याला वाटायचं. शेवटच्या दिवशी पशुवैद्याच्या टेबलावर त्याने ते मिटले नाहीत. माझ्याकडेच बघत होता.

नावही लिहावं का? पेन टेकवलं आणि उचललं. मान फोटोत होती, गेली. नाक फोटोत होतं, गेलं. जे जे उतरवून ठेवलं ते ते हातातून निसटलं. नाव कशातच उतरलेलं नाही, ते फक्त माझ्या तोंडात आहे. तिथेच राहू दे. तिथे त्याला धक्का लागायचा नाही.

ब्रश केला. ‘डोळे’.

१ मार्च, शनिवार

आजोबांबरोबर इस्पितळात गेले. आजींनी चित्र छातीशी धरलं. म्हणाल्या, अहो, ही मलाच बघतेय! मग चित्रातल्या कुत्रीला दटावलं, की एवढे दिवस कुठे होतीस गं भवाने. आजोबा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

बरं वाटलं. परत येताना शालवाली भेटली. न राहवून सांगितलं, की ते मांजर तुमचंच आहे. ती ओशाळून हसली. म्हणाली, छे हो, मी कधी काही पाळलंच नाही.

२ मार्च, रविवार

चार वाजता दारावर कोणीतरी नखं ओढली. दोनदा. मग एकदा. खालून श्वास.

उघडलं नाही. टेबल सरकवून दाराला लावलं. अर्धा तास होतं तिथे. मग पॅसेजमधून हळूहळू गेलं, नखं वाजत.

५ मार्च, बुधवार

ताईचा फोन. म्हणाली, गोंड्याचा एखादा फोटो पाठव, मला चित्र करून हवंय. मी विचारलं, गोंड्या कोण. आधी हसली, थट्टा वाटली तिला. मग रडायला लागली.

वही वाचली. अक्षर माझं. कोणाचा तरी कुत्रा. चांगला असावा. बूट, मग मी, मग बूट — वाचलं आणि काहीच झालं नाही. दोनदा वाचलं.

८ मार्च, शनिवार

जिन्यातला फोटो. मी एकटी बसलेय. हात गोल धरलेत, हवेभोवती. हसतेय. एवढं कोणाबरोबर —

कामावर गेले नाही. उद्या रविवार. चार वाजता ते येईल.

९ मार्च, रविवार

आलं. दोनदा. थांबून एकदा.

वहीत आहे तसंच. म्हणजे ते दुसरं काही नाही. तो आहे. माझा आहे, असं लिहिलंय.

टेबल ओढलं. दार उघडलं. पॅसेजमध्ये ऊन, बाकी काही नाही. पण उंबरठ्याबाहेर श्वास चालू आहे. खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी आत जमिनीवर बसलेय, वही मांडीवर.

गोंड्या म्हटलं. पुन्हा म्हटलं. मोठ्याने म्हटलं. येत नाही.

ती हाक नव्हे. दुसरी. ताईला आत्ता फोन केला, तिला माहीत नाही, कोणालाच — सगळी पानं उलटली. नाही. मीच लिहिलं नाही. जपून ठेवायला.

कण्हतोय. बारीक. रागावलेला नाही. मी याला घाबरले. दार लावून घेतलं याच्यावर. एवढा वेळ बाहेर —

आत ये ना रे. असंच ये. नाही येत. शिस्तीचा आहे.

पिल्लू असताना पडलेलं. खुळचट. खुळचट म्हणजे कसं — बु — चि — नाही. गु — नाही, नाही —

ऊन सरकलं. अजून बसलाय.

नखं वाजली. उठला का? नको. थांब. जाऊ नकोस, आठवतंय, तोंडात आहे, थांब ना राजा, आत्ता सांगते, तुझं नाव —