तिकडं वाजतंय का

१२ सप्टेंबर १९९३

कॅसेट पाठव म्हणे! सकाळी चहा उतू जात होता, तेवढ्यात वस्तीतल्या सगुणाबाई दारात. आत्याबाईंचा निरोप घेऊन आलेल्या — लेकाचा आवाज ऐकायचाय, सुनेला म्हणावं कॅसेट धाडून दे.

लेकाचा! आणि माझे कोण होते ते?

नाही देणार. यांच्या आवाजाची एकच कॅसेट आहे. पूर्णेच्या कार्यक्रमात ढोलकीवाल्या चंद्रभाननं भरलेली. पाच गाणी, आणि मधून मधून कुणाचं तरी खोकणं. वस्तीत आत्याबाईंच्या घरी वीज नाही. कुणाचा तरी टेप आणतील, सेलवर लावतील. सेल उतरले की आवाज लांबतो, रेड्यासारखा होतो. आणि पट्टी गुंतली की मग काय? पेन्सिल घालून फिरवत बसायचं?

मी तरी कुठे ऐकते म्हणा. हे गेल्यापासून एकदाही लावली नाही. रुमालात गुंडाळून पेटीत ठेवली आहे. पण आहे ती माझ्याजवळ आहे.

१५ सप्टेंबर

पुन्हा निरोप. कॅसेट देत नसेल तर टेप घेऊन इकडंच ये म्हणावं, दोघी मिळून ऐकू.

मी त्या घरात पाय ठेवत नाही हे साऱ्या वस्तीला माहीत आहे. नाल्याचा पूल ओलांडला की चौथं घर. मी इकडे शिकवते त्या शाळेजवळ खोली घेऊन राहते. गाव बोलायचं ते बोलतं. बोलू दे.

फेब्रुवारीत मी परभणीला ट्रेनिंगला होते. इकडे यांना कावीळ झाली. आत्याबाईंनी दवाखाना सोडून पालमकडच्या कुणा वैदूचा पाला आणला. मला कळवलं नाही — का, तर पोरीचं ट्रेनिंग बुडेल! निरोप आला तेव्हा कावीळ डोक्यात गेली होती. मी धावत आले, उशाशी बसले. यांनी माझ्याकडे बघितलं आणि आईला विचारलं, "ह्या बाई कोण हायत?"

तेवढंच. पंधरा वर्षं गावोगाव विद्यापीठाच्या नामांतराची गाणी गाणारा तो गळा, त्यातून माझ्यासाठी शेवटी एवढंच निघालं. एक दिवस आधी कळवलं असतं तर माझं नाव तरी ऐकलं असतं त्या तोंडून. हे मी आत्याबाईंना माफ करणार नाही. कॅसेट का लावत नाही, तेही यातच आलं.

३० सप्टेंबर

पहाटे जमीन हलली! फळीवरची भांडी खाली आली. सगळी गल्ली शाळेच्या पटांगणात. पहिला विचार आला आत्याबाईंचा, घर मातीचं आहे. तशीच अनवाणी निघाले. पुलापर्यंत गेले. पलीकडून सगुणाबाईंनी ओरडून सांगितलं की म्हातारी बरी आहे, बाहेर बाजेवर बसवली आहे.

मग परत फिरले.

संध्याकाळी रेडिओवर सांगायला लागले, किल्लारीकडे गावंच्या गावं गेली. जेवण गेलं नाही.

६ ऑक्टोबर

चंद्रभान आला होता. यांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा, आता लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावतो. सगुणाबाई त्याचीच बायको, आत्याबाईंच्या शेजारीच राहतात. म्हातारी रात्रभर बाहेर बसून असते म्हणाला, घरात जायला भिते, रंगनाथचा आवाज आयकवा म्हणते.

त्यानं एक युक्ती काढली आहे. टेप आणि कॅसेट इथंच माझ्या खोलीत राहील. इथून आत्याबाईंच्या घरापर्यंत तार ओढायची, तिकडच्या टोकाला एक स्पीकर. स्पीकरला वीज लागत नाही, लागते ती टेपला. मी इथं बटण दाबलं की गाणं तिकडं वाजणार. टेपच्या कडेला भोक आहे, त्यात तारेची पिन घातली की झालं.

मी म्हटलं, म्हणजे इथंही वाजेल आणि तिकडंही.

"न्हाई वहिनी. पिन घातली की हितला आवाज बंद. समदं तिकडं."

पुन्हा विचारलं. इथं काहीच ऐकू येणार नाही? काहीच नाही म्हणाला.

चालेल म्हटलं. त्याला वाटलं असेल मी नाराज झाले. मला तर हेच पाहिजे होतं!

१० ऑक्टोबर

तारेला वाट एकच, गावातल्या, पारावर बसणाऱ्या माणिकरावांच्या माळवदावरून. विचारायला गेले खरी. आमच्या गाण्यांची तार त्यांच्या घरावरून! अठ्ठ्याहत्तर सालापासून या गावात नुसतं 'नामांतर' म्हटलं तरी पारावरची माणसं उठून जात.

माणिकरावांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरत होते, ती कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "तारंचं काय हाय बाई, ती मुकीच असती. जाऊ द्या वरून." आणि थोड्या वेळानं, मान खाली घालूनच, रंगनाथ गायचा मात्र लय ब्येस.

पायरी उतरताना पदर डोळ्याला लावला. यांना आयुष्यभर जे गावात कुणी तोंडावर म्हटलं नाही, ते असं माझ्या हाती दिलं.

१७ ऑक्टोबर

झालं! सकाळपासून चंद्रभान बांबू घेऊन माळवदं पालथी घालतोय. खिडकीतून तार आत घेतली. जुन्या रेडिओतला स्पीकर लाकडी खोक्यात बसवून तिकडं ठेवला. मग हा माणिकरावांच्या माळवदावर उभा राहिला, मी खिडकीत, सगुणाबाई पलीकडे पुलावर.

पिन घातली. बटण दाबलं. चाकं फिरायला लागली — आणि खोलीत काहीच नाही. घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. मी ओरडले, तिकडं वाजतंय का? चंद्रभाननं तेच पुढे ओरडून विचारलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"वाजायलंय! म्हातारी रडायलीय."

मी रडले नाही. चाकं फिरताना बघत बसले. डावीकडची पट्टीची गुंडाळी बारीक होत जाते, उजवीकडची भरत जाते. यांचा आवाज माझ्या डोळ्यांसमोरून जात होता आणि मला ऐकावा लागत नव्हता.

२० ऑक्टोबर

तक्रारी सुरू! बारीक येतंय. दुसरं गाणं आधी लाव. काल दिवेलागणीला लावलं नाहीस, स्वयंपाकात होतीस का? जाता येता सगुणाबाई निरोप आणतात. आत्याबाई आहेत की इन्स्पेक्टर?

पण खरं सांगायचं तर हसू आलं. फार दिवसांनी.

२४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळी वस्ती आत्याबाईंच्या अंगणात बसली होती म्हणे, एका खोक्यासमोर! पाचही गाणी दोनदा लावली. मी इथं पांढरी साडी नेसून, दार लावून, टेपजवळ. एवढी माणसं यांना ऐकत होती आणि मी वह्या तपासत होते. मधेच हात पिनेकडे गेला. काढली असती तर इथं आवाज आला असता. नाही काढली.

२ नोव्हेंबर

आजचा निरोप गाण्याचा नव्हता. "कदी येतीस म्हणून इचारायल्यात."

मी उठून टेप लावला. सगुणाबाई तशाच गेल्या.

तार दिली ना ओढून? रोज लावते ना? आणखी काय करायचं माणसानं!

२१ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपत आली. आत्याबाईंचा निरोप बरेच दिवस नाही. सगुणाबाई येतात, भाजी देतात, शेंगा देतात, इकडचं तिकडचं बोलतात, त्याबद्दल चकार शब्द नाही. रुसल्या असतील. 'कदी येतीस'ला उत्तर दिलं नाही ना.

रुसू देत. तक्रार नाही म्हणजे नीट चाललंय. चंद्रभानही इथं नाही, तो पूर्णेला कामावर गेलाय, त्यामुळे काही बिघडलं असतं तर पंचाईतच होती. नशीब.

६ डिसेंबर

इथूनच बाबासाहेबांना हात जोडले. यांचं शेवटचं गाणं लावलं. मग परत लावलं.

१९ डिसेंबर

आत्याबाईंना ताप आहे, खोकला सुटत नाही. सगुणाबाई म्हणाल्या, जाऊन या एकदा. डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या, रव्याची खीर केली, डबा त्यांच्याच हाती दिला. यावेळी वैदूचा पाला नको म्हणून बजावलं.

आता सकाळीही लावते, शाळेत जायच्या आधी. पडल्या पडल्या तेवढंच बरं वाटेल.

पुढच्या रविवारी जाईन.

२६ डिसेंबर

नाही गेले. साडी बदलली, कुलूप हातात घेतलं. पुलापर्यंत गेले आणि थांबले. त्या घराची बाज डोळ्यांसमोर आली. त्या बाजेवरून विचारलेलं ते वाक्य. परत येऊन टेप लावला.

मला त्यांचा राग आहे की भीती वाटते, हेच आता कळेनासं झालंय.

५ जानेवारी १९९४

सगुणाबाई आल्या, दारात उभ्या राहिल्या. काही तरी सांगायचं होतं त्यांना, तोंडापर्यंत आलेलं दिसत होतं. टेप चालू होता. त्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मी म्हटलं, बसा की. "न्हाई, जाते." गेल्या.

विचारायला हवं होतं. चाचणीचे पेपर तपासायचे होते, डोकं त्यात होतं.

१० जानेवारी

आत्याबाई गेल्या. आज, दिवेलागणीला.

टेप चालूच होता तेव्हा. तिसरं गाणं संपत आलं असेल, तोच सगुणाबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा बघूनच कळलं. मी टेप तसाच टाकून निघाले. पूल कधी ओलांडला कळलंही नाही. एवढे महिने जो ओलांडता आला नाही!

बाजेवर होत्या. त्याच बाजेवर. किती लहान झालेल्या. पाय पोटाशी घेतलेले, कुशीवर, तोंड दाराकडे. खोकं उशाशी कोनाड्यात ठेवलेलं, स्वच्छ पुसलेलं, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. घरात काहीही बदललेलं नव्हतं. यांचा सदरासुद्धा खुंटीला होता. मी समजत होते त्यांनी सगळं आवरून टाकलं असेल.

पायांवर डोकं ठेवलं आणि मग आवरेना. यांच्या वेळी रडले नव्हते एवढी रडले. बायका म्हणत होत्या, रडू द्या तिला. कुणी एका शब्दानं बोललं नाही की आतापर्यंत कुठं होतीस. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी

काल सगळं झालं. आज खोलीवर आले. वहीत लिहायला बसले तर आत्याबाईंचा तो छोटा झालेला चेहरा.

उशीर झाला, हे कबूल. जायला हवं होतं. माझा राग खरा होता, पण त्याही आईच होत्या, त्यांनीही तेच माणूस गमावलं होतं. हे मला त्यांचे पाय हातात आल्यावर कळलं. नको तेव्हा कळलं.

एकाच गोष्टीचा आधार आहे. एक दिवस चुकला नाही माझा. जीव जाताना उशाशी त्यांच्या लेकाचा आवाज होता. मी नव्हते, पण हे होते. एवढं तरी माझ्या हातून झालं.

१४ जानेवारी

नामांतर झालं. रेडिओवर सांगितलं. वस्तीत फटाके, निळा गुलाल, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत. चंद्रभान पूर्णेहून मिळेल त्या गाडीनं आला. वहिनी, आज रंगनाथचं गाणं गावभर वाजवायचं म्हणाला. तारेच्या टोकाला मोठा कर्णा लावायला गेला आणि तसाच परत आला. वस्तीच्या तोंडाशी तार तुटून पडली आहे. दिवाळीतच कापसाच्या ट्रॅक्टरनं ओढून नेली म्हणे.

सगुणाबाईंना विचारलं. आत्याबाईंनी त्यांना शपथ घातली होती.

"तार जोडली तर ती गाणंच धाडील. ऱ्हाऊ दे तशीच. वाजतंय का म्हणून बघायला तरी येईल."

दोन महिने त्या दाराकडे तोंड करून पडून होत्या. मी एकदाही विचारलं नाही.