बाबांची काळी स्क्रीन

३ मार्च

उठला एकदाचा कम्प्युटर! उठला म्हणजे काय — काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, "लॉगिन" विचारतो आणि डोळे मिचकावत बसतो. माझ्या ऑफिसातून भंगारात निघालेला म्हातारा गडी. नेहमीची सिस्टीम त्याला झेपेना, म्हणून दादाने फोनवरून सांगत सांगत लिनक्स टाकायला लावलं. आता म्हणे, "चित्रं, खिडक्या, माऊस हवं तर डेस्कटॉप वेगळा टाकावा लागतो गं." आधी सांगायला काय झालं होतं?

डॉक्टरबाई म्हणाल्या, बाबांची आठवण पुसट होत चाललीय, घरातले चेहरे त्यांना सतत दिसू देत. म्हणून हा खटाटोप. सुरू केलं की आपोआप फोटो फिरले पाहिजेत — आई, दादा, मी. परवा बाबांनी मला "तुम्ही" म्हटलं. मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

५ मार्च

डेस्कटॉपचे शेकडो तुकडे उतरत होते. संपत आलं आणि नेट गेलं! आता म्हणतो, अमुक असल्याशिवाय तमुक बसणार नाही, आणि तमुक नसेल तर अमुक नाही. एखाद्या सरकारी खिडकीवर बसवा याला!

बाबा सकाळपासून त्या काळ्या स्क्रीनसमोर ताठ बसून होते. "अहो बाबा, बिघडलंय ते. उठा." "असू दे," म्हणाले. बिचारे. बघवेना.

६ मार्च

नेट नाही. चिडचिड. भाजी करपली.

८ मार्च

आलं! रंग आले, पासवर्डची चौकट आली. पासवर्ड घातला — स्क्रीन लुकलुकली आणि पुन्हा तीच चौकट. चुकला असेल तर तसं सांग ना रे! तेही नाही. मुकाट दारातून परत पाठवतो. किती वेळा घातला, देव जाणे. शेवटी माऊस आपटला.

बाबा दचकले. "हळू बोला हो. साहेब आत आहेत."

साहेब! वीजबिलांच्या ऑफिसातले असणार. बाबा तिथे कम्प्युटर ऑपरेटर होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली. आणि पुन्हा "बोला". मला, पोटच्या पोरीला.

९ मार्च

दादाने चूक पकडली. "मधे रूट होऊन चालवून बघितलंस ना?"

बघितलं होतं. रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याला सगळं माफ. मला वाटलं, मालकाला तरी आत घेईल.

"मग तुझ्या खात्यातली एक फाइल त्याच्या नावावर गेली, शहाणे! म्हणून तुझ्याच घरात तुला घेत नाही. मालकी बदल."

एक ओळ लिहिली. उघडलं! एवढ्याशासाठी माझा जीव खाल्ला मेल्याने.

फोन ठेवताना दादाने विचारलं, "बाबा मला ओळखतात ना गं अजून?"

"न ओळखायला काय झालं!" म्हटलं.

फोटो लावले. आईचा तो हसरा पहिला. उद्या दाखवणार.

१० मार्च

बाबांना खुर्चीत बसवलं. आई आली, दादा आला, मी आले — त्यांच्याच खांद्यावर बसलेली, दोन वेण्या घातलेली. त्यांनी अगदी नीट बघितलं.

"कोण मंडळी ही?"

मी नावं सांगितली. त्यांनी मान डोलावली, पाहुण्यांपुढे डोलावतात तशी. मग टेबलाखाली वाकून शोधायला लागले. "माझं मशीन कुठे नेलंत?" जेवले नाहीत. आईच्या फोटोकडे पाठ करून बसले, आणि मला त्यांचा राग आला. आजारी माणसाचा राग! लाज वाटते लिहिताना.

संध्याकाळी भांडी घासताना आठवलं. लहानपणी त्यांच्या ऑफिसात गेले होते. काळीच स्क्रीन असायची तिथे. पांढरी अक्षरं. बिघडलेलं नव्हतंच काही. मी त्यांना रोज तिथून उठवत होते.

११ मार्च

डेस्कटॉप काढून टाकला. काळी स्क्रीन.

बाबा आपणहून आले. लॉगिनपुढे स्वतःचं नाव टाइप केलं, एक अक्षर चुकलं नाही. मग मी दिसले. शेजारची खुर्ची ओढली.

"नवीन लागलात का? बसा. घाबरायचं नाही, मी शिकवतो."

बसले.