जाळ्याच्या मण्यांचा नाद

गडचिरोली, मंगळवार

सौ. इंदिरेस, दूर बसलेल्या इस्तारीचा भरभरून आशीर्वाद.

आज दुपारी एकदम तो आवाज आठवला. आपली आचल तान्ही होती तेव्हा तू झोळीजवळ मासोळ्यांचं जाळं सांधत बसायचीस. जाळ्याचे शिशाचे मणी किणकिणायचे आणि त्या नादात पोरगी झोपी जायची.

इथी सारं बरं आहे. आचलही बरी आहे. नात गुटगुटीत आहे, गळा मात्र तुझ्यावर गेला आहे. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर बोलताना आचल जवळच असते, तिच्यासमोर हे सांगता येत नाही, म्हणून लिहितो. सोमवारी तिची ड्यूटी सुरू होणार, मग दिवसभर लेकरू माझ्याकडे. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं, पण माझ्या हातून ती घेतच नाही. शेजारीण म्हणते, वेळ बांधून द्या. दवाखान्याकडून घरोघरी येणारी आशाताई म्हणते, "बाबा, भूक लागली की पाजा, घड्याळ काऊन पाहता?" मग झोपलेल्या लेकराले उठवायचं का नाई? मले काहीच सुचत नाही.

झोपवायला मी शाळेतल्या कविता म्हणतो. ती डोळे मोठे करून ऐकत राहते. आचल हसते, "बाबा, झोपवून राह्यले का परीक्षेले बसवून राह्यले?"

डॉक्टरांनी तुला बसचा प्रवास नको म्हटलं आहे, तेव्हा येऊ नकोस. मी सांभाळतो.

दार वाजलं. पाहून येतो.

इंदिरे, दारात तूच! हातात काठी, खांद्यावर ते जुनं जाळं. म्हणतेस, "लेकरू रडून राह्यलं अन् तुम्ही लिहीत बसले!"

आता हे पत्र पाठवू कोणाले?

तुझाच,
इस्तारी