दोनला बंद होणारं जपानी हॉटेल

बाबा, अबुधाबीत तुमच्या ऑफिसमागच्या गल्लीतलं ते जपानी हॉटेल कधीच बंद झालं. सहा टेबलं होती, आणि दुपारी बारा ते दोन एवढंच उघडं असायचं. दोनला म्हातारा मालक स्वतः शटर ओढायचा. तुमच्या साइटवरच्या जपानी इंजिनिअरनं सांगितलं होतं, तिथली सूप करी एकदा खाऊन बघा. माझी पहिली नोकरी तिथून दोन सिग्नलवर. आठवडाभर तुम्ही अबुधाबीत कंपनीच्या खोलीवर, मी ऑफिसातल्या मुलींबरोबर शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, आणि आई शारजात, अल मजाज भागातल्या आपल्या घरी. त्या बुधवारी तुम्ही फोन केलात. "साडेबाराला ये. दोनला बंद करतात, उशीर नको." मी "इन्शाल्ला" म्हणाले आणि पावणेदोनला पोचले. मीटिंग होती म्हणून सांगितलं. खरं तर ऑफिसात कुणाचा तरी केक कापत होते. तुम्ही दोघांसाठी कधीच मागवून ठेवलं होतं. माझा रस्सा निवला होता, तुमचाही तसाच, न उष्टावलेला.

"हा तर आपला रस्साच की," तुम्ही म्हणता. "बटाटा, गाजर अख्खंच टाकलंय. यांना चिरायला वेळ नाही वाटतं." मी हसत नाही, मला ऑफिस गाठायचंय. बाजूच्या ताटलीतला भात तुम्ही वाडग्यात ओतता आणि हातानं कालवायला लागता. "बाबा, प्लीज, चमच्यानं. पीपल आर लुकिंग." हॉटेल तर रिकामं असतं. तुम्ही नॅपकिनला एकेक बोट पुसता. मग म्हणता, "तुझ्याशी जरा बोलायचं होतं." मी घड्याळ बघते. "वीकेंडला बोलू ना?" "बोलू," तुम्ही म्हणता, आणि तुमच्या वाडग्यातली कोंबडीची तंगडी माझ्या वाडग्यात घालता.

शुक्रवारी मी घरी आले तेव्हा तुम्ही झोपला होता. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यांनी सांगितलं ना तुला सगळं? मला म्हणाले होते, लेकीला मी स्वतः सांगणार, हॉटेलातच सांगतो. दोनला उठावं लागतं, म्हणजे फार रडायला वेळ मिळणार नाही. मग फोनवर म्हणाले, सांगितलं, पोरीनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं." मी तिच्यासमोर बसले, अर्धी जुडी माझ्याकडे ओढली. "हो, सांगितलं." आणि आधीच माहीत असल्यासारखं एकेक विचारत तुमचा आजार मी तिच्याकडून काढून घेतला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशनचा उपयोग नाही. चार महिन्यांत तुम्ही गेलात. त्या चार महिन्यांत मी तुम्हाला औषधं दिली, पाय चेपले, पण त्या दुपारबद्दल तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. एकदा गोळी हातावर ठेवताना तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मग पाणी मागितलंत.

आई आता पुण्यात असते. कुणी आलं की कौतुकानं सांगते, ह्यांनी आधी लेकीला विश्वासात घेतलं, आणि तिनं त्यांच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मी शेजारी बसून मान हलवते. परवा मावशीनं विचारलं, तेव्हा नक्की काय म्हणाले गं ते? बाबा, मी सांगितलं की तुम्ही आधी माझा हात हातात घेतलात.