हललेली नदी

पूर्णा जंक्शन,
८ फेब्रुवारी

प्रिय प्रियदर्शनी,

जयभीम आणि अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत बरी आहे. फोनवर तीनदा सांगायला घेतलं, पण तू "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढं विचारतेस आणि तुझी मीटिंग लागते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहायला बसले.

बाबांचा मोठा कॅमेरा विकायची तू मोबाईलवर जाहिरात टाकलीस त्यावरून नांदेडच्या एका माणसाचा गेल्या आठवड्यात फोन आला. या रविवारी कॅमेरा बघायला येतो म्हणाला. "मावशी, एकदम नवाच हाय ना?" असं दोनदा विचारलं. मी हो म्हटलं, कारण दिसायला तो नवाच आहे. पेटी, पिशव्या, पट्टा, सगळं जिथल्या तिथे. बाबा गेले तेव्हा तूही ती पेटी उघडलीस आणि झाकण लावलंस. परत जाताना स्टेशनवर एवढंच म्हणालीस, "आई, त्यांनी तो एकदाही वापरला नाही गं." मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याबद्दलच लिहायचं आहे.

तुला बाबांचा छोटा कॅमेरा आठवतो ना? पॅसेंजर गाडीच्या गार्डच्या नोकरीतून सुटल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू. बंडीच्या खिशात मावायचा. रोज संध्याकाळी संगमावर जायचे, नदीचे, पलीकडच्या काठाचे, आभाळाचे फोटो काढायचे, आणि तिपाई कधी लावायचे नाहीत. पस्तीस वर्षं धावत्या गाडीच्या दारात उभं राहून झेंडी धरली, मला तिपाई कशाला, म्हणायचे. स्टुडिओवाले दत्तराव त्यांना लय चिडवायचे. दत्तरावांकडे मोठा कॅमेरा, लग्नाचा. त्यातली फोटो पकडणारी काच म्हणे बाबांच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या चौपट. "गार्डसाहेब, त्या डबीत नदी मावते का?" बाबा म्हणायचे, "नदी तुमच्याबी डब्यात मावत न्हाई दत्तराव, पण माझी डबी घेऊन मला चार कोस चालता येतंय."

पुढे पुढे बाबांचे फोटो रवाळ यायला लागले. दत्तराव म्हणाले, "हा फोटो हाय का रव्याचा लाडू?" सगळे हसले. तूही होतीस त्या दिवशी. छोट्या काचेचा दोष, संध्याकाळच्या उजेडाला मोठीच काच पाहिजे, असं दत्तरावांनी तुला समजावलं. आणि तू बंगळूरला नोकरीला गेल्यावर पुढच्याच वर्षी तो मोठा कॅमेरा पाठवलास. बाबांनी पेटी उघडली, हातात धरून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, जड आहे. मला तेव्हा त्यांचा राग आला. पोरीनं एवढ्या हौसेनं पाठवलंय आणि तुमचं तोंड वाकडंच, असं मी बोलले. ते बोलणं आता परत घेता येत नाही.

बाबांची फोटोंची वही मी त्यांच्यामागे वाचली. मी चौथी शिकलेली बाई. प्रवाशांनी गाडीत टाकून दिलेली मासिकं ते आणायचे, ती वाचत वाचत मी वाचायला शिकले, हे तुला माहीत आहे. ही वही मात्र मी त्यांच्या हयातीत कधी उघडली नव्हती. कुठल्या स्टेशनात गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे जन्मभर लिहिलेला माणूस फोटोचंही तसंच लिहायचा. तारीख, जागा, वेळ, आणि शेवटी एक आकडा. तो आकडा काय ते मला कळेना. दत्तरावांना विचारलं. फोटो काढताना आतला पडदा सेकंदाचा कितवा भाग उघडा राहिला, तो आकडा. तीस म्हणजे तिसावा भाग, तेवढा वेळ हात अगदी स्थिर पाहिजे; आकडा मोठा, तेवढा वेळ कमी.

पहिल्या दोन वर्षांत सगळीकडे तीस आहे. छोट्या कॅमेऱ्यात हाताचा हेलकावा सावरणारं यंत्र असतं, तरी तीसला संध्याकाळची नदी स्वच्छ येणं हे हाताचंच काम, असं दत्तराव म्हणाले. मग साठ. मग सव्वाशे. तुला कॅमेरा घ्यावासा वाटला त्या वर्षी अडीचशे आणि पाचशे. जागा तीच, वेळ तीच. पडदा इतका लवकर मिटला की उजेड पुरत नाही, मग कॅमेरा ओढूनताणून उजेड आणतो आणि फोटोला रवा येतो. काचेचा दोष नव्हता गं. त्यांचा हात कापत होता, आणि ते लपवायला ते आकडा चढवत होते.

हात कापतो हे मला माहीत होतं. आधी बशी वाजायला लागली, मग त्यांनी बशी सोडली आणि स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा घ्यायला लागले. मी पेला अर्धा भरायला लागले. आमच्यात याच्यापुढे बोलणं झालं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गाडीत ते मला म्हणाले, "प्रियाला सांगू नको. नवी नोकरी हाय, सोडून यील." मी शब्द दिला.

मला माहीत नव्हतं ते पुढचं. त्या माणसाचा फोन आल्यावर, विकायच्या आधी कार्ड रिकामं करावं म्हणून तो मोठा कॅमेरा मी दत्तरावांकडे नेला. मला वाटलं कार्डात फार तर एखाद-दुसरा फोटो असेल. त्यात दोनशे अकरा फोटो निघाले. सगळे संगमाचे, एकाच हिवाळ्यातले. आणि सगळे हललेले. दत्तराव आधी हसले, "वैनी, नदीला हिव भरलंय का काय?" मग एकेक फोटो पुढे करत गेले आणि त्यांचं हसणं थांबलं. चष्मा काढून पुसला. मला समजावून सांगताना त्यांचा आवाज लहान झाला होता. मोठ्या काचेत जवळचं लव्हाळं आणि पलीकडचा काठ दोन्ही स्पष्ट पाहिजेत तर उजेड आत येण्याचं भोक बारीक करावं लागतं, भोक बारीक की उजेड कमी, उजेड कमी की पडदा जास्त वेळ उघडा. त्यात त्या कॅमेऱ्याचं वजन. म्हणजे ज्या हाताला डबी पेलवत नव्हती त्या हातानं ते अख्खा हिवाळा तुझा कॅमेरा पेलत होते. आणि रोज घरी येऊन प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या पिशवीत घालून, पेटी होती तशी लावून ठेवत होते. ड्यूटीचा चार्ज दुसऱ्याला देताना गार्ड आपली पेटी लावतो तशी. ते बघून आपण दोघींनी काय समज करून घेतला!

शेवटचा फोटो तेवढा स्वच्छ आहे. तो मला आठवतो. एक दिवस म्हणाले, चल माझ्यासोबत. संगमावरच्या दगडावर मला बसवलं, मागे उभे राहिले आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवला. "श्वास रोख," म्हणाले. मला हसू आलं, दोनदा फुकट गेलं. "आगं, रोख की!" तिसऱ्यांदा मी रोखला. त्यांचा हात माझ्या खांद्यावर थरथरत होता आणि मग हळूहळू थांबला. मी समोर म्हशी बघत होते. फोटो बघून म्हणाले, "हे बघ, पोरीचा कॅमेरा." दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली, पण त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. बायकोच्या खांद्यावर टेकून फोटो काढणं त्यांच्या मनाला रुचलं नसावं. मीही चला म्हटलं नाही.

दोन फोटो सोबत पाठवते, एक हललेला आणि एक तो. त्या दुसऱ्याच्या उजव्या कडेला पांढरी धूसर रेघ आहे. दत्तराव कॉम्प्युटरवर पुसून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. तो माझा केस आहे.

शब्द मोडला. ते असते तर रागावले असते, पण तू त्यांच्यावर जन्मभर नाराज राहण्यापेक्षा ते बरं. नांदेडच्या माणसाला मी आज फोन करून येऊ नका म्हटलं. बाबांची डबी घेऊन मी रोज त्या दगडावर जाऊन बसते. फोटो काही काढत नाही. अंधार पडेपर्यंत मागे कुणी येत नाही, मग उठते. तुला दोन दिवसांची रजा मिळाली तर ये. दत्तराव म्हणतात, तो मोठा कॅमेरा हातात धरून वापरायचा तर टेकायला काहीतरी पाहिजे. ते मी देईन. आता मला श्वास रोखता येतो.

तुझीच,
आई